दोन ट्रॉल्या आणि एक काटा: लिनक्सच्या सर्वांत वेगवान वाटेत मोठी पॅकेट्स कशी बसली?

माझं गाव देवळाली प्रवरा. राहुरी तालुका, उसाचा पट्टा. हंगाम सुरू झाला की नगर-मनमाड रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. लहानपणी वडिलांबरोबर काट्यावर गेलो की मला एकच प्रश्न पडायचा. पुढची ट्रॉली काट्यावर चढली आणि मागची बाहेरच राहिली तर? वडील म्हणायचे, "काट्यावर जेवढं चढलं तेवढ्याचीच पावती. म्हणून तर उतरून बघायचं."

इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, आणि हाच प्रश्न मला परत भेटला. या वेळी सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात. आणि या वेळी उतरून बघायचं मीच विसरलो होतो.

ती गोष्ट सांगतोच. पण ती नीट कळायला आधी पॅकेट, एमटीयू आणि एक्सडीपी या तीन गोष्टी समजून घेऊ. घाबरू नका, कोडची एकही ओळ नाही.

पॅकेट म्हणजे काय, आणि 1500 हा आकडा कुठून आला?

तुम्ही रील बघता तेव्हा ती अख्खी एकदम येत नाही. तिचे छोटे छोटे तुकडे होऊन येतात. प्रत्येक तुकड्याच्या पुढे पत्ता लिहिलेला असतो: कुठून आला, कुठे जायचं, कुठल्या ॲपचा आहे. या पत्त्याला हेडर म्हणतात आणि हेडरसकट तुकड्याला पॅकेट.

एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट भरायचे याची मर्यादा म्हणजे एमटीयू. ईथरनेटमध्ये ती सहसा 1500 बाइट असते. 1980 साली ईथरनेटचं स्टँडर्ड प्रसिद्ध झालं तेव्हापासून हा आकडा चालत आलाय. तेव्हा मेमरी महाग होती, आणि एकाच केबलवर अनेक कॉम्प्युटर असायचे. एकानेच लांबलचक पॅकेट सोडलं तर बाकीचे ताटकळणार. त्या काळाच्या हिशोबाने 1500 बरोबरच होतं.

आज केबलचा वेग हजारो पटींनी वाढलाय, पण 1500 तसंच आहे. कारण साऱ्या जगातली यंत्रं तोच आकडा धरून बसली आहेत. एकट्याने बदलून चालत नाही.

मग मोठं पॅकेट कशाला हवं?

साधा हिशोब करू. 15 एमबीची एक रील आहे. 1500 च्या पॅकेटमध्ये हेडर वजा जाता साधारण 1460 बाइट खरा माल बसतो. म्हणजे रीलची साधारण 10,274 पॅकेट्स होतात. तेच पॅकेट 9000 बाइटचं केलं तर खरा माल 8960 बाइट, आणि पॅकेट्स होतात साधारण 1,674. सहापट कमी.

कॉम्प्युटरला त्रास बाइटचा कमी आणि पॅकेटचा जास्त होतो. प्रत्येक पॅकेट आलं की पत्ता वाच, कुणाचं आहे ते शोध, मेमरीत जागा दे, नोंद कर. ट्रॉली छोटी असो की मोठी, काट्यावर वेळ तेवढाच जातो. 100 गिगाबिटची लाइन 1500 च्या पॅकेटांनी पूर्ण भरली तर सेकंदाला सुमारे 81 लाख पॅकेट्स येतात. एका पॅकेटला मिळतात फक्त 123 नॅनोसेकंद. 9000 च्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला सुमारे 13.8 लाख, म्हणजे प्रत्येकाला 700 पेक्षा जास्त नॅनोसेकंद.

9000 बाइटच्या आसपासच्या या पॅकेटांना जंबो फ्रेम म्हणतात. बाहेरच्या इंटरनेटवर ती चालत नाहीत. पण डेटा सेंटरच्या आत, जिथे सगळी यंत्रं एकाच मालकाची असतात, तिथे सर्रास चालतात. जवळचं उदाहरण मुंबईचं. ॲमेझॉनने जून 2016 मध्ये आपल्या क्लाउडचा मुंबई रीजन सुरू केला. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, खासगी नेटवर्कच्या आत, बहुतेक नव्या मशीनवर एमटीयू 9001 असतो. इंटरनेटकडे जाणाऱ्या दारावर तो परत 1500 होतो. म्हणजे मुंबईत दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, आणि तुमच्या फोनकडे माल निघाला की बैलगाड्या.

एक्सडीपी: गेटवरचा माणूस

आता कर्नलमध्ये शिरू. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे आणि बहुतेक सर्व्हरमध्येही.

नेहमीच्या पद्धतीत पॅकेट आलं की कर्नल त्याच्यासाठी एक भलीमोठी नोंद तयार करतो, मग पॅकेट एकेक टेबल ओलांडत पुढे जातं. हे सगळं व्यवस्थित आहे, पण वेळ खातं. समजा, कुणी तुमच्या सर्व्हरवर कोट्यवधी खोट्या पॅकेटांचा मारा केला. प्रत्येक खोट्या पॅकेटची आधी नोंद करायची आणि मग फेकायचं, यातच सर्व्हर दमून जाणार.

यावर 2016 मध्ये, लिनक्स 4.8 मध्ये, एक नवी वाट आली: एक्सप्रेस डेटा पाथ, म्हणजेच एक्सडीपी. यात तुम्ही एक छोटा प्रोग्राम लिहून कर्नलला देता. नेटवर्क कार्डाकडून पॅकेट मेमरीत पडलं की लगेच, कुठलीही नोंद व्हायच्या आधी, तो प्रोग्राम चालतो. तो पॅकेट बघतो आणि निर्णय देतो: फेकून द्या, आत सोडा, आल्या वाटेने परत पाठवा किंवा दुसरीकडे वळवा. गेटवर उभा राहून चिठ्ठी बघणारा माणूसच म्हणा ना.

वेग किती? 2018 मध्ये एक्सडीपीच्या कर्त्यांनी मांडलेल्या शोधनिबंधात प्रोसेसरच्या एकाच कोअरवर सेकंदाला 2 कोटी 40 लाख पॅकेट्सपर्यंत मजल गेल्याची नोंद आहे. फेसबुकचा कात्रान हा लोड बॅलन्सर याच वाटेवर चालतो. क्लाउडफ्लेअर खोट्या पॅकेटांचे हल्ले याच वाटेवर अडवते. तुम्ही ही नावं कधी ऐकली नसतील, पण तुमची पॅकेट्स या गेटवरून रोज जातात.

अर्थात बाहेरचा प्रोग्राम थेट कर्नलमध्ये चालवायचा म्हणजे धोका आहे. म्हणून कर्नलमध्ये व्हेरिफायर नावाचा तपासनीस असतो. प्रोग्राम चालू व्हायच्या आधीच तो तपासतो की हा पॅकेटच्या हद्दीबाहेरची मेमरी तर वाचत नाही ना. प्रोग्रामला दोन खुणा मिळतात, पॅकेट कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. या दोन खुणांच्या आतच राहायचं.

या दोन खुणा नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यांचाच आहे.

3498 ची भिंत

एक्सडीपीचा वेग एका साध्या गृहीतकावर उभा होता: पॅकेट मेमरीत सलग, एका तुकड्यात आणि एकाच पानात असणार. कर्नल मेमरीची वाटणी पानांमध्ये करतो आणि एक पान बहुतेक मशीनवर 4096 बाइटचं असतं. मग 4096 पर्यंतचं पॅकेट बसायला काय हरकत? हरकत आहे. हा हिशोब बघा:

पानाची जागा: 4096
पॅकेटच्या पुढे मोकळी सोडलेली जागा: वजा 256
पानाच्या शेवटी राखीव जागा: वजा 320
ईथरनेटचं हेडर, व्हीलॅनचा टॅग आणि शेवटचा तपासणीचा आकडा (14 + 4 + 4): वजा 22
उरले: 3498

पुढची 256 बाइट जागा कशाला? प्रोग्रामला पॅकेटवर आणखी एक पत्ता चिकटवायचा असेल तर जागा हवी म्हणून. शेवटची 320 बाइट जागा कशाला? पॅकेट पुढे नेहमीच्या वाटेने पाठवायचं ठरलं तर कर्नलला तिथे स्वतःची नोंद ठेवायची असते.

म्हणजे 1500 चं पॅकेट आरामात बसतं, 9000 चं बसतच नाही. ॲमेझॉनच्या मशीनवरच्या ईएनए नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरने एक्सडीपीसाठी नेमकी हीच 3498 ची मर्यादा घातली होती. मशीन 9001 वर चालू असताना एक्सडीपी लावायला गेलं की सरळ नकार. बाकीच्या ड्रायव्हरमध्येही आकडा थोडा इकडे-तिकडे, पण भिंत होतीच. म्हणजे निवड करा: वेगवान वाट हवी की मोठं पॅकेट?

तुम्ही म्हणाल, मग चार पानं सलग घ्या ना, प्रश्न मिटला. पण महिनोन्महिने चालू असलेल्या मशीनमध्ये सुटी पानं भरपूर मिळतात, सलग चार मिळतीलच असं नाही. एसटीत सुट्या सीट सापडतात पण चौघांना एकत्र बसायला मिळत नाही, तसंच. शिवाय 60 बाइटच्या पॅकेटलाही 16 केबीची जागा अडवून ठेवायची, हा नुसता अपव्यय.

उपाय: मागे ट्रॉली जोडा

पॅकेट एका पानात मावत नाही ना? मग अनेक पानांत ठेवा आणि ती एकमेकांना जोडा. याला मल्टी-बफर म्हणतात. रेड हॅटच्या लोरेन्झो बियांकोनी आणि एल्को शॉद्रॉन या दोघांनी हे काम पुढे नेलं. 2020 मध्ये पहिले पॅच आले. चर्चा, दुरुस्त्या, परत चर्चा असं करत जानेवारी 2022 मध्ये तब्बल 23 वी आवृत्ती स्वीकारली गेली. मे 2022 मध्ये आलेल्या लिनक्स 5.18 मध्ये ते सर्वांना मिळालं. सुरुवात झाली ती मार्व्हेलच्या छोट्या चिपच्या ड्रायव्हरपासून. बाकीचे ड्रायव्हर हळूहळू नंतर आले.

रचना अशी आहे. पॅकेटचा पहिला भाग, ज्यात हेडर असतं, पहिल्या पानात. उरलेला माल मागच्या पानांत. आणि मागची पानं कुठे आहेत याची यादी? ती पहिल्या पानाच्या शेवटी, त्याच राखीव 320 बाइटमध्ये. नवीन जागा शोधावी लागली नाही. या यादीत साधारण 17 तुकडे बसतात, म्हणजे 9000 चं पॅकेट अगदी सहज.

इथे एक बारकावा मला फार आवडतो. बहुतेक पॅकेट्स छोटीच असतात. प्रत्येक वेळी "मागे ट्रॉली आहे का" हे बघायला ती यादी उघडली तर छोट्या पॅकेटांचाही वेग जाणार. म्हणून कर्नलने वेगळी एका बिटची खूण ठेवली. खूण असेल तरच यादी उघडायची. मोठ्यांची सोय करताना छोट्यांवर जवळजवळ काहीच ओझं नाही.

पण जुन्या प्रोग्रामांचं काय?

खरा पेच इथे होता. 2016 पासून लोकांनी लिहिलेले प्रोग्राम असं धरून चालले होते की दोन खुणांच्या मधे अख्खं पॅकेट असतं. शेवटच्या खुणेतून पहिली वजा केली की पॅकेटची लांबी मिळाली. मल्टी-बफरमध्ये त्या दोन खुणा फक्त पहिल्या पानाच्या असतात. मागच्या ट्रॉल्या त्यांच्या बाहेर.

जे प्रोग्राम फक्त पत्ता बघतात त्यांना फरक पडत नाही. ईथरनेट, आयपी आणि टीसीपी मिळून हेडर साधारण 54 बाइटचं, ते पहिल्या पानातच असतं. पण जे प्रोग्राम लांबी मोजतात किंवा आतला मजकूर तपासतात त्यांचं उत्तर चुकणार. आणि क्रॅश होऊन नाही, तर गुपचूप चुकणार. मोठं पॅकेट फक्त साडेतीन हजार बाइटचं भासणार.

म्हणून एक नियम आला. प्रोग्राम कर्नलमध्ये चढवतानाच जाहीर करायचं की "मला तुकड्यांतलं पॅकेट समजतं." हे जाहीर केलं नसेल आणि एमटीयू मोठा असेल, तर ड्रायव्हर तो प्रोग्राम लावायला नकार देतो. असा जुना प्रोग्राम आधीच लावलेला असेल तर एमटीयू वाढवायला नकार देतो. एक प्रोग्राम दुसऱ्याला पुढचं काम सोपवतो तिथेही, जाहीर केलेला आणि न केलेला अशी सरमिसळ चालत नाही.

जाहीर करणाऱ्यांसाठी कर्नलने नवी साधनंही दिली. एक फंक्शन सगळी पानं धरून पॅकेटची एकूण लांबी सांगतं. दुसरं फंक्शन कुठल्याही पानातले हवे ते बाइट काढून देतं.

थोडक्यात, गुपचूप चुकीची पावती देण्यापेक्षा गेटवरच "नाही" म्हटलेलं बरं. सोय कमी, पण खरेपणा जास्त.

आता माझी चूक

ऑफिसात मला एक्सडीपीचा छोटा प्रोग्राम लिहायचा होता. काम साधं: कुठल्या ग्राहकाचे किती बाइट आले ते मोजायचं. या आकड्यावरून पुढे बिल होणार होतं. माझ्या टेस्ट मशीनवर एमटीयू 1500. आकडे तंतोतंत जुळले. खऱ्या मशीनवर एमटीयू 9000 होता. तिथे लावायला गेलो तर नकार आला.

मी शोधलं, एका नमुना कोडमध्ये ती जाहीर करण्याची खूण दिसली. एक शब्द वाढवला. प्रोग्राम चढला. मी खूश.

दोन दिवसांनी आमच्या सीनियर मॅडमनी नेटवर्क कार्डाचा स्वतःचा आकडा माझ्या आकड्याशेजारी ठेवला. कार्ड म्हणत होतं 100 जीबी, तर माझा प्रोग्राम म्हणत होता जेमतेम 39. कुठेही एरर नाही, कुठेही लाल अक्षरं नाहीत. मी लांबी जुन्याच पद्धतीने मोजत होतो, शेवटची खूण वजा पहिली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मला तुकडे समजतात असं तू कर्नलला सांगितलंस. तुला समजतात का?"

पुढची ट्रॉली मोजली जात होती, मागची बाहेर उभी होती. कर्नलने मला बरोबर ठिकाणी अडवलं होतं. प्रश्न विचारला होता. मी न वाचता "हो" म्हटलं होतं. दुरुस्ती एका ओळीची होती, एकूण लांबी देणारं फंक्शन वापरायचं. बिल निघायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो.

आपल्या फोनचा याच्याशी काय संबंध?

फोनच्या सेटिंगमध्ये डेटा युसेज उघडा. कुठल्या ॲपने किती डेटा खाल्ला ते दिसेल. हा आकडा कोण मोजतं? अँड्रॉइड 9 पासून, 4.9 किंवा त्यापुढचा कर्नल घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये, हे काम ईबीपीएफचे प्रोग्राम करतात. एक्सडीपीचे प्रोग्रामही ईबीपीएफचेच असतात. फोनमधले मोजणारे गेटवर नाही, जरा आतल्या दारावर उभे असतात. पण जात तीच.

आणि तिथेही मोठ्या पॅकेटचा पेच आहे, फक्त उलटा. फोनमध्ये येणारी छोटी पॅकेट्स वेग वाढवण्यासाठी कर्नल आतल्या आत जोडून एक मोठं पॅकेट करतो. जोडताना मधली हेडर गळतात. नुसती मोठ्या पॅकेटची लांबी मोजली तर गळालेल्या हेडरचे बाइट हिशोबात येणार नाहीत, पण नेटवर्कवरून तर ते आलेले असतात. म्हणून अँड्रॉइडचा कोड अशा पॅकेटची मूळ छोटी पॅकेट्स किती असतील ते काढून प्रत्येकाचं हेडर परत मोजणीत धरतो.

रोजचा दीड जीबी पुरवून वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा फरक लहान वाटेल. पण तत्त्व तेच: मोजणाऱ्याला माल कसा येतो हे माहीत नसेल तर आकडा दिसायला सुबक असतो आणि असतो चुकीचा.

तुमच्यापैकी जे कॉलेजात आहेत, कोड लिहितात, त्यांना एवढंच सांगतो. सिस्टिम एखादी गोष्ट नाकारते तेव्हा लगेच नकार बंद करायची खूण शोधू नका. ती काय विचारतेय ते आधी वाचा. बऱ्याचदा ती आपल्याला म्हणत असते, मागची ट्रॉली चढली का, जरा उतरून बघ.